एकाच वर्गातील सारी मुले : शिक्षक काय म्हणतात?



वसंत ऋतूत संध्याकाळी व्याख्यान ऐकण्याची आपल्याकडची चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून मुलांच्या परीक्षा संपल्या की मोठ्यांची शाळा भरते, असे म्हणावयास हरकत नाही. या शाळेचा एक गुण असा की, दाराशी कोणी तुमची पारख करीत नाही. ज्यांना ऐकू कमी येते ते आजोबा पुढच्या खुर्चीवर बसतात. काठी टेकत येणाऱ्या आजींना लोक उठून वाट देतात. ज्यांना विषय नीट उमगला नाही, ते शेजाऱ्याला विचारतात. यात कोणालाच काही विशेष वाटत नाही. जे आपण येथे इतक्या सहज करतो, ते मुलांच्या शाळेत करावयाचे ठरले की एकाएकी अवघड होऊन बसते. ते अवघड का होते, आणि ज्यांनी ते करावयाचे त्या शिक्षकांचे त्याविषयी म्हणणे काय आहे, हा माझा आजचा विषय आहे.

विषयाचे रूढ नाव 'समावेशक शिक्षण' असे आहे. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. ज्या मुलास दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, ज्याच्या बुद्धीची वाढ सावकाश होते, किंवा ज्याला अक्षरे ओळखताना अडचण येते, त्याने आपल्या गल्लीतल्या शाळेत, शेजारच्या मुलांबरोबर, एकाच वर्गात शिकावे. नुसते बसावे असे नव्हे, शिकावे. या दोन क्रियापदांतले अंतर आपण कृपा करून ध्यानात ठेवावे. माझे सारे म्हणणे त्या अंतराविषयी आहे.

आपल्या देशात या मुलांच्या शिक्षणाची सुरुवात वेगळ्या शाळांपासून झाली. मुंबईस १८८५ च्या सुमारास कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. अमृतसर येथे १८८७ मध्ये अंध मुलांची शाळा निघाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू झाली. ज्या काळी अशी मुले घराच्या माजघरात दडवून ठेवीत, त्या काळी या शाळांनी दार उघडले. त्यांचे ऋण मोठे आहे. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने, शक्य तेवढ्या मुलांना सर्वसाधारण शाळांतूनच शिकवावे, असा विचार मांडला. १९७४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी योजना काढली. तिला 'एकात्म शिक्षण' म्हणत. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका या गावी ९२ देशांच्या सरकारांचे आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटनांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी 'समावेशक' शाळेचा पुरस्कार केला.

एकात्म आणि समावेशक हे एका माळेचे मणी दिसतात, पण तसे नाही. एकात्म शिक्षणात शाळा होती तशीच राहते आणि मुलाने तिच्यात बसेल इतके बदलावयाचे असते. समावेशक शिक्षणात मुलासाठी शाळेने बदलावयाचे असते. शिंपी अंगरखा माणसाच्या मापाने बेततो. अंगरख्यात बसावे म्हणून माणसास छाटीत नाही. शिक्षणात मात्र आपण दीर्घकाळ उलटाच व्यवहार केला.

आता कायदाही या बाजूने उभा आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा त्यात स्पष्ट उल्लेख आला. पाठोपाठ २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. ज्याचे अपंगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिकण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. इथपर्यंत सारे उत्तम. पण कायदा दिल्लीस होतो, परिपत्रक मुंबईहून निघते, आणि मूल येऊन बसते ते गावातल्या एखाद्या बाईंच्या पुढ्यात. त्या बाईंच्या वर्गात आधीच चाळीस मुले असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते. म्हणून आपण आज त्यांना विचारू.

शिक्षकांचे मत काय, हे जाणण्याचे प्रयत्न जगात पुष्कळ झाले आहेत. स्क्रग्ज आणि मास्ट्रोपिएरी या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९६ मध्ये मागील सुमारे चार दशकांतील २८ पाहण्या एकत्र केल्या. त्यांत दहा हजारांहून अधिक शिक्षकांची मते होती. अशा मुलांनी इतरांबरोबर शिकावे हे तत्त्व आपल्याला मान्य आहे काय, असे विचारता सुमारे दोन तृतीयांश शिक्षकांनी होय म्हटले. तुम्ही स्वतः आपल्या वर्गात अशा मुलास शिकवाल काय, असे विचारता होकार निम्म्याच्या थोडा वर राहिला. आणि त्यासाठी लागणारा वेळ, कौशल्य, प्रशिक्षण व साधने तुमच्यापाशी आहेत काय, असे विचारता होय म्हणणारे एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी निघाले.

या तीन पायऱ्या नीट पाहाव्यात. पहिल्या पायरीवर शिक्षकाचे अंतःकरण बोलते, दुसरीवर त्याची भीती बोलते, आणि तिसरीवर त्याचे रिकामे हात बोलतात. अंतःकरण आहे, हात रिकामे आहेत, आणि भीती त्या दोहोंच्या मधोमध उभी आहे.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे झाले. मग घरचे उदाहरण घेऊ. शर्मा, मूर आणि सोनवणे या अभ्यासकांनी पुण्यात बी.एड.चे शिक्षण घेणाऱ्या साडेचारशेहून अधिक भावी शिक्षकांची पाहणी केली. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. या तरुणांचे मत समावेशाविषयी काहीसे प्रतिकूल निघाले आणि मनात चिंताही आढळली. हे अजून वर्गात उभेही राहिले नव्हते! दिल्लीतील प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत जवळजवळ ७० टक्के शिक्षकांना विशेष शिक्षणाचे प्रशिक्षणही नव्हते आणि अशा मुलांना शिकविण्याचा अनुभवही नव्हता. ८७ टक्क्यांच्या वर्गात मदतीची कसलीही सोय पोहोचलेली नव्हती.

हे आकडे ऐकून आपल्यातला एखादा गृहस्थ चटकन म्हणेल, "नाचता येईना, अंगण वाकडे!" शिक्षकांवर हा आरोप करणे फार सोपे आहे. पण कधीकधी अंगण खरोखरच वाकडे असते. न्याय करावयाचा तर दोन्ही तपासावयास हवीत, नाचणाराही आणि अंगणही. म्हणून शिक्षकांचे चार मुख्य आक्षेप आपण एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप वेळेचा. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, वर्गात चाळीस-पन्नास मुले, आणि पोर्शन पुरा करावयाचा. एका मुलापाशी दहा मिनिटे थांबले, तर बाकीच्यांचे काय? कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे आणि उच्च प्राथमिक वर्गात ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. हे प्रमाण कागदावर सगळीकडे सारखे दिसते, वर्गात दिसतेच असे नाही. त्यातून जनगणना आणि निवडणूक ही कामे कायद्यानेच शिक्षकाच्या माथी ठेवली आहेत. तेव्हा हा आक्षेप खरा आहे. येथे अंगण वाकडे आहे, आणि ते सरळ करणे शिक्षकाच्या हाती नाही.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. "आम्हांला ब्रेल येत नाही, खुणांची भाषा येत नाही. आम्ही शिकवावे कसे?" हाही आक्षेप निम्मा खरा आहे. ब्रेल ही लिपी आहे, ती शिकावी लागते. भारतीय सांकेतिक भाषा ही भाषा आहे, तिला व्याकरण आहे, ती दोन दिवसांच्या शिबिरात येत नाही. परंतु उरलेला निम्मा भाग वेगळा आहे. शिक्षकाला वाटते की, ही मुले शिकविण्याची काही गुप्त विद्या आहे आणि ती आपल्यापाशी नाही. वस्तुतः तिचा बराच भाग म्हणजे चांगले अध्यापनच होय. फळ्यावर लिहीत असताना मुखाने तेच मोठ्याने उच्चारावे, म्हणजे ज्याला फळा दिसत नाही त्याला तो ऐकू येतो. बोलताना फळ्याकडे पाठ आणि मुलांकडे तोंड असावे, म्हणजे ज्याला कमी ऐकू येते तो ओठांवरून अर्थ जुळवितो. खिडकीपाशी, उजेड पाठीमागे घेऊन उभे राहू नये, कारण मग चेहरा काळा दिसतो. एक लांबलचक सूचना देण्याऐवजी तिचे तीन तुकडे करावेत. दहा गणितांऐवजी पाच द्यावीत, पण ती पुरी करून घ्यावीत. अंक शिकवताना चिंचोके हातात द्यावेत. यांपैकी कशालाही सरकारी अनुदान लागत नाही. आणि गंमत अशी की, याचा लाभ केवळ त्या एका मुलास होत नाही. शेवटच्या बाकावरच्या साऱ्यांना होतो.

शेवटच्या बाकाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. पुष्कळ शिक्षक म्हणतात, "आमच्या वर्गात असे मूल नाही." मला याची शंका वाटते. कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमतेचाही समावेश आहे. बुद्धी चांगली, पण अक्षरे जुळत नाहीत, अंक उलटे पडतात, शुद्धलेखन सुधारत नाही, अशी ही मुले. ती आपल्या वर्गांत नेहमीच होती. आपण त्यांना 'ढ' म्हणत होतो. वर्णमालेतले एक निरपराध अक्षर आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या पाठीवर मारीत आलो. तेव्हा समावेश म्हणजे बाहेरून कोणी नवे मूल आणावयाचे, असे प्रत्येक वेळी नसते. ते आत आलेलेच आहे. आपण त्याला अजून ओळखले नाही, एवढेच.

तिसरा आक्षेप इतर मुलांचा. "एका मुलापायी चाळीस मुलांचे नुकसान होईल." हा आक्षेप शिक्षकांपेक्षाही पालकांच्या तोंडी अधिक असतो आणि शिक्षक तो पालकांच्या भयाने उच्चारतात. इंग्लंडमधील काही संशोधकांनी २००७ मध्ये या प्रश्नावरील अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक निष्कर्षांत इतर मुलांच्या अभ्यासाचे नुकसान आढळले नाही. काहींत थोडा लाभच आढळला. मात्र याचा अर्थ, कसेही केले तरी चालते, असा नव्हे. ज्या वर्गात मदतीचा हात असतो, तेथली ही गोष्ट आहे. जो शिक्षक एकटा आणि थकलेला आहे, त्याच्या वर्गात नुकसान त्या मुलाचेही होते आणि इतरांचेही.

चौथा आक्षेप असा : "यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत की! तेथे तज्ज्ञ आहेत. तेथेच त्यांचे हित नाही काय?" या आक्षेपाची वासलात एका शब्दात लावू नये. कर्णबधिर मुलाचे उदाहरण घ्या. खुणांची भाषा कोणालाच येत नाही अशा वर्गात त्याला बसविले, तर तो चाळीस मुलांत असूनही एकटाच राहील. त्याच्या दृष्टीने, जेथे त्याची भाषा बोलतात तीच शाळा समावेशक ठरेल. कायद्यानेही निवडीचा हक्क ठेवला आहे, हे मी मघा सांगितले. म्हणून विशेष शाळा बंद करा, असे म्हणणे मला मान्य नाही. विशेष शाळांतील ज्ञान गल्लीतल्या शाळेपर्यंत पोहोचवावयास हवे. परंतु या आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. विशेष शाळा बहुधा शहरांत असतात. खेड्यातल्या मुलाला 'वेगळ्या शाळेत जा' असे सांगणे म्हणजे घर सोड असे सांगणे, किंवा शाळाच सोड असे सांगणे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अपंगत्व असलेल्या व्यक्ती २ कोटी ६८ लाख मोजल्या गेल्या. त्यांतील साक्षर सुमारे ५५ टक्के होते. उरलेले सारे अंगी कुवत नव्हती म्हणून निरक्षर राहिले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

या चार आक्षेपांखाली एक पाचवी गोष्ट आहे. ती कोणी आक्षेप म्हणून उच्चारीत नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून एक गोष्ट वारंवार आढळली आहे. चालता न येणाऱ्या किंवा दृष्टी अधू असलेल्या मुलास वर्गात घेण्यास शिक्षक अधिक राजी असतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा वागणुकीच्या अडचणी असलेल्या मुलास घेण्यास ते कमी राजी असतात. याचे कारण उघड आहे. पहिल्या मुलासाठी पायरीशेजारी उतार बांधला की काम भागते, असे आपल्याला वाटते. दुसऱ्यासाठी अभ्यासक्रम, परीक्षा आणि यशाची आपली कल्पनाच बदलावी लागते. जी शाळा आपले यश दहावीच्या टक्केवारीने मोजते, तिला हे मूल म्हणजे सरासरी खाली ओढणारा धोंडा वाटते. हा दोष एकट्या शिक्षकाचा नव्हे. निकालाची पाटी शाळेच्या दारावर लावण्याची हौस आपली आहे, आणि ती वाचून मुलाचे नाव कोठे घालावयाचे हे ठरविणारेही आपणच आहोत.

मग शिक्षकाचे मत पालटते कशाने? भाषणाने फारसे पालटत नाही, हे व्याख्यानाच्या व्यासपीठावरून सांगताना मला थोडा संकोच वाटतो. पण पुष्कळ अभ्यासांचा कौल असा आहे की, ज्यांना प्रशिक्षण मिळाले आणि ज्यांना अशा मुलांना शिकविण्याचा बरा अनुभव आला, त्यांची मते अधिक अनुकूल असतात. आधी मत बदलावे आणि मग काम सुरू करावे, हा क्रम पुस्तकात शोभतो. व्यवहारात काम सुरू होते, शेजारी मदतीला कोणी असते, मूल एक अक्षर अधिक वाचते, आणि शिक्षकाचे मत बदलते. पोहणे काठावर बसून येत नाही हे खरे; पण म्हणून शिकाऊ माणसाला एकट्याला विहिरीत ढकलून देणे हेही शिक्षण नव्हे. आज पुष्कळ ठिकाणी आपण शिक्षकाला ढकलले आहे आणि वरून विचारीत आहोत, "हात का मारीत नाहीस?"

मदत म्हणजे काय, हेही मोघम राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याविषयी निकाल दिला. प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण त्यात सांगितले आहे. जेथे एका शाळेत अशी एक-दोनच मुले असतील, तेथे फिरत्या विशेष शिक्षकाने अनेक शाळा सांभाळाव्यात, हाही मार्ग आहे. मात्र फिरता शिक्षक म्हणजे महिन्यातून एकदा येऊन वहीत सही करणारा पाहुणा नव्हे. त्याने वर्गशिक्षकाबरोबर बसून पुढील पंधरवड्याचा पाठ आखावयास हवा. नाही तर उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे होईल.

आता आपल्याविषयी दोन शब्द. आपण बहुतेक जण शिक्षक नाही. पण आपल्यातले कित्येक पालक आहेत, काही शाळांच्या संस्थाचालक मंडळांवर आहेत. कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. या समितीच्या सभेत रंगरंगोटीचा आणि स्नेहसंमेलनाचा विषय नेहमी निघतो. त्या सभेत कोणीतरी तीन प्रश्न विचारावेत. आपल्या शाळेच्या वस्तीत शाळेबाहेर राहिलेले असे मूल कोणते? आपल्या शाळेत असलेले असे मूल या वर्षात काय नवे शिकले? आणि त्याच्या शिक्षकास आपण कोणती मदत दिली? पटावर नावे किती, हा चौथा प्रश्न सरकार विचारतेच. त्याचे उत्तर नेहमी समाधानकारक येते. हजेरीपटावर नाव असलेले आणि वर्गाच्या कोपऱ्यात वर्षभर नुसते बसलेले मूल आकड्यात समाविष्ट असते, शिक्षणात नसते.

दुसरी विनंती पालकांना आहे. आपल्या मुलाच्या शेजारी असे मूल बसविले म्हणून मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जाऊ नये. शिक्षक जे धैर्य करू पाहतो, ते पुष्कळदा अशा तक्रारीनेच खचते. आणि आपल्या बोलण्याकडेही थोडे पाहावे. 'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते' यासारख्या म्हणी आपल्या जिभेवर सहज येतात. ती म्हण ऐकत एक दृष्टिहीन मूल वर्गात बसलेले आहे, अशी कल्पना करून पाहावी. भाषेने ज्याला आधीच दाराबाहेर ठेवले, त्याला एकटा कायदा आत कसा आणणार?

शिक्षकांना माझे सांगणे एवढेच की, आपण 'जमणार नाही' म्हणू नये. 'अमुक मिळाले तर जमेल' असे म्हणावे आणि ते अमुक काय, ते कागदावर लिहून समितीपुढे ठेवावे. नकाराने मुलापुढचे दार बंद होते. मागणी लिहून दिली म्हणजे उत्तर देण्याची पाळी समितीवर आणि पर्यायाने आपणा सर्वांवर येते. ती टाळण्याची सवय आपल्याला फार दिवस लागलेली आहे. ती आता मोडावयास हवी.

शाळा जूनमध्ये पुन्हा उघडतील. नवीन वर्ग भरेल, नवा हजेरीपट उघडला जाईल. त्यात एखादे नाव असे असेल की, ते वाचताना शिक्षिका क्षणभर थांबतील. त्या क्षणी त्यांना आपण एकट्या आहोत असे वाटू नये, एवढी व्यवस्था करणे या गावातील आपणा सर्वांच्या आवाक्यातले आहे.